रोजच्या सहा व्हायल

९ मे २०२१. दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं तेवढ्यात अक्काचा फोन आला. "ह्यांची दाढ लई ठणकायलीय रात्रीपास्नं. एखादी गोळी दे की पाठवून." दाजी नऊच दिवसांपूर्वी कोविडमधून सुटून घरी आले होते. मी दुखण्याची गोळी दिली, सोबत पित्ताची दिली, पोराला गाडीवरून पाठवलं आणि कामाला लागलो. मोहोळला माझं मेडिकल आहे. बी. फार्म. होऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा काउंटरपुढे दोरी बांधलेली होती आणि दोरीपलीकडे दिवसभर रांग. कुणाला ऑक्सिमीटर हवा, कुणाला रेमडेसिविरचा पत्ता हवा. त्या गर्दीत दाढदुखी सगळ्यात साधं दुखणं वाटलं. ती गोळी मी काही न विचारता दिली, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतोय.

दाजी तेव्हा बावन्न वर्षांचे. डाळिंबाची बाग, दहा वर्षांची शुगर, आणि ती कधीच नीट आटोक्यात नाही. १६ एप्रिलला त्यांची कोविडची कार्ड टेस्ट झाली तेव्हा मी शेजारी उभा होतो. नाकातला कापूस द्रावणात घुसळला, तीन-चार थेंब पट्टीवर टाकले, आणि दहा मिनिटांत दुसरी लाल रेघ उमटली. ती रेघ कसली असते हे आमच्या व्यवसायातल्या लोकांनाही पुष्कळदा माहीत नसतं. त्या प्रकारच्या पट्टीतली रेघ सोन्याची असते. सोन्याचे कण वीस-चाळीस नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) इतके बारीक केले की ते पिवळे दिसत नाहीत, लालसर दिसतात. त्या कणांना प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. नमुन्यात विषाणूचं प्रथिन असेल तर ते कणांना धरतं, आणि पट्टीवर आखलेल्या जागी दुसरी प्रतिपिंडं त्या सगळ्यांना अडवतात. हजारो कण एका ओळीत अडकले की डोळ्याला रेघ दिसते. यंत्र नको, वीज नको. माझ्या दुकानात वर्षानुवर्षं विकल्या जाणाऱ्या प्रेग्नन्सी किटची रेघ याच युक्तीवर उमटते. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला हृदयाचा झटका आहे का हे ठरवायला ट्रोपोनिनचं जे कार्ड वापरतात, त्यातलं तत्त्वही तेच.

दाजींना १९ तारखेला ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड सुरू झालं, शुगर चारशेच्या वर गेली, आणि ३० एप्रिलला ते चालत घरी आले. आम्ही पेढे वाटले होते.

१० मेला त्यांना जवळच्या एका दातांच्या दवाखान्यात नेलं. दाढेत कीड नाही, हिरडीला सूज असेल, असं सांगून अँटिबायोटिक लिहून दिलं आणि पाच दिवसांनी बोलावलं. ११ तारखेला संध्याकाळी दुकान बंद करून मी स्वतः घरी गेलो. दाजी ओसरीवर बसले होते. डाव्या डोळ्याची पापणी जड झालेली. मी म्हटलं, "दाजी, दुखतंय कुठं नेमकं?" ते म्हणाले, "आता दुखायचं कमी आलंय. पण हिकडं गालाला काय लागलं तर कळंना झालंय." अक्काने त्यांचा रुमाल आणून दाखवला. नाक शिंकरलेलं होतं, आणि त्यात चहाच्या चोथ्यासारखे काळपट कण होते.

गालाची बधिरता, काळपट स्राव, पापणीची सूज, शुगर, स्टेरॉइड. त्या आठवड्यात वर्तमानपत्रात रोज याच गोष्टी छापून येत होत्या आणि मी त्या वाचल्याही होत्या. दुखायचं कमी झालं याचा अक्काला आनंद झाला होता. तिथली नस मरत चाललीय, म्हणून कळ कमी झालीय, हे तिला सांगायचं धाडस मला रात्री झालं नाही. फक्त म्हणालो, "सकाळी सोलापूरला निघायचं."

*

१२ तारखेला सकाळी आम्ही सोलापूरच्या रुग्णालयात होतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टर तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी नाकात दुर्बीण घातली आणि पडद्यावर आम्हाला आतलं दाखवलं. गुलाबी असायला हवी ती त्वचा एका ठिकाणी जळलेल्या भाकरीसारखी काळी पडली होती. तिथला तुकडा चिमट्याने काढताना दाजींना काहीच कळलं नाही, रक्तही आलं नाही. मॅडमना नेमकं तेच खटकलं.

तो तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली गेला. याला सगळे नुसतं 'केओएच' म्हणतात. संध्याकाळी मॅडमनी मला प्रयोगशाळेत नेऊन काच दाखवली, कारण मी औषधवाला आहे हे त्यांना कळलं होतं. करड्या पार्श्वभूमीवर रुंद, फितीसारखे धागे दिसत होते, मध्ये पडदे नाहीत, आणि फांद्या जवळजवळ काटकोनात फुटलेल्या. "हा म्युकर," त्या म्हणाल्या. कल्चर आणि बायोप्सी यायला दिवस लागतात, पण त्यांची वाट पाहत बसायचं नसतं. लोक 'काळी बुरशी' म्हणत होते. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, वाहिन्या तुंबतात, आणि रक्त न मिळाल्याने मेलेलं मांस काळं पडतं. म्हणून उपचाराचे दोन भाग: मेलेलं सगळं कापून काढायचं, कारण जिथे रक्त जात नाही तिथे औषधही जात नाही, आणि उरलेल्यासाठी बुरशीवरचं औषध, अ‍ॅम्फोटेरिसिन.

मॅडमनी कागदावर लिहिलं: लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी, किलोला ५ मिलिग्रॅम, रोज. दाजींचं वजन ६२ किलो. म्हणजे साधारण ३०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या. रोज सहा, किमान तीन आठवडे. आणि मग त्या म्हणाल्या, "आज आमच्याकडे एकही नाही."

'लायपोसोमल' हा शब्द मी कॉलेजात पाठ केला होता. लायपोसोमवर टीप लिहा, पाच गुण. आकृती काढायची: दोन कड्यांचं वर्तुळ, आत पाणी. इंग्लंडमधल्या अ‍ॅलेक बँगहॅम यांना १९६०च्या दशकात दिसलं होतं की विशिष्ट मेद पाण्यात टाकले की ते आपणहून असे फुगे करतात. एवढं लिहिलं की पाच गुण मिळत. त्या फुग्यावर आपल्या घरातलं कुणी एक दिवस टांगलेलं असेल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

अ‍ॅम्फोटेरिसिन हे मूळ औषध जुनं आहे. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते १९५०च्या दशकात मिळालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं. औषध त्याला चिकटतं आणि आवरणाला भोकं पाडतं. अडचण अशी की माणसाच्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉलचा चुलतभाऊ असतो, कोलेस्टेरॉल. औषध त्यालाही थोडं धरतं, आणि सगळ्यात जास्त मार बसतो किडनीला. त्यामुळे साधं अ‍ॅम्फोटेरिसिन किलोला एक-दीड मिलिग्रॅमच्या पुढे नेता येत नाही. तेवढ्यातही किडनी कुरकुरते.

लायपोसोमलमध्ये औषध तेच, बदललेलं असतं ते त्याचं वाहन. मेद आणि कोलेस्टेरॉलचे शंभर नॅनोमीटरपेक्षाही लहान गोळे. केसाच्या जाडीत असे हजारेक गोळे शेजारीशेजारी मावतील. मला कायम वाटायचं की औषध त्या गोळ्याच्या पोटात असतं, पुरणपोळीतल्या पुरणासारखं. ते तसं नाही. अ‍ॅम्फोटेरिसिनला पाणी आवडत नाही, त्यामुळे ते आतल्या पाण्यात न राहता भिंतीतच बसतं. मेथी पिठातच मळावी तसं. भिंतीतल्या मेदांनी ते घट्ट धरलेलं असतं, म्हणून रक्तातून जाताना सुटं होऊन किडनीला फारसं लागत नाही. गोळा बुरशीपर्यंत पोचला की औषध तिथल्या एर्गोस्टेरॉलकडे ओढलं जातं. म्हणूनच किलोला ५ मिलिग्रॅम देता येतात, मेंदूपर्यंत गेलेलं असेल तर डॉक्टर त्याहून जास्तही देतात.

यात मुंबईचाही मोठा वाटा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात प्रा. बिमल बच्छावत यांच्या गटांनी मिळून भारतीय बनावटीचं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन गेल्या शतकातच तयार केलं, रुग्णांवर तपासलं. परदेशी औषध आपल्या माणसांना परवडत नव्हतं, म्हणून. हे मला दाजी घरी आल्यानंतर वाचताना कळलं, आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

*

मेमध्ये हे औषध कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. माझ्या होलसेलरने बावीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा माझा फोन उचलला नाही. वाटप सरकारकडून होत होतं: केंद्राकडून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला, आणि जिल्ह्यातून रुग्णालयांना. रुग्णालयाने रोज मागणी भरायची. रुग्णाचं नाव, आधार, वजन, कोविडचा रिपोर्ट, केओएचचा रिपोर्ट, क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी बिघडतेय असं समजायचं), किती व्हायल मिळाल्या, किती हव्यात. मागणी सकाळी जायची आणि उत्तर रात्री यायचं, कधी नऊला, कधी साडेअकराला. मग रुग्णालयाचं पत्र घेऊन साठ्याच्या ठिकाणी जायचं.

१३ तारखेला दोन व्हायल मिळाल्या. १४ ला चार, त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सहा तास. वरच्या जबड्याचा डावा भाग, चार दात आणि टाळूचा तुकडा काढावा लागला. डोळा वाचला. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "डोळ्याच्या खोबणीचं हाड खराब होतं, आतलं आवरण शाबूत आहे. आता औषध बंद पडता कामा नये."

१५ तारखेला एकही व्हायल मिळाली नाही.

१६ ला सकाळी मॅडमनी मला आणि अक्काला खोलीत बोलावलं. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन उपलब्ध आहे, किडनीला धोका आहे, पण बुरशी एक दिवस थांबणार नाही. अक्काने माझ्याकडे पाहिलं. घरात औषधातलं मला कळतं, म्हणून निर्णय माझ्याकडे आला. मी म्हटलं, "सुरू करा." दुसरं काय म्हणता आलं असतं ते मला आजही सुचत नाही.

साधं औषध कसं असतं हे त्या चार दिवसांत मी पाहिलं. आधी सलाइन चढवायचं, किडनीला थोडा आधार म्हणून. मग पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं एविल. मग पिवळी बाटली, चार-पाच तास, थेंब थेंब. दीड तासात दाजींना हुडहुडी भरायची. मे महिन्यातलं सोलापूर, बाहेर रस्ता वितळतोय, आणि दोन घोंगड्यांखाली माणूस थडथडतोय, पलंगाची दांडी वाजतेय. टाळू नसल्यामुळे त्यांचं बोलणं नाकातून यायचं, नीट कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाटलीकडे बोट करून हात जोडले. अक्का उठून बाहेर गेली.

क्रिएटिनिन ऑपरेशनआधी १.० होतं. १८ मेला १.८, आणि २० मेला सकाळी २.४. पोटॅशियम २.८ वर आलं. हृदयाचे ठोके बिघडतील म्हणून ते लगेच शिरेतून द्यावं लागलं. साधं औषध बंद. त्याच दिवशी केंद्र सरकारने म्युकरमायकोसिस साथरोग कायद्याखाली नोंदवण्याजोगा आजार करावा असं राज्यांना कळवल्याची बातमी वॉर्डातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. आमच्या डाव्या हाताच्या पलंगावर इंडी तालुक्यातली एक बाई होती, तिचा मुलगा मला म्हणाला, "नोंद झाल्यावर औषध येतंय का बघू." २१ तारखेला पहाटे ती गेली. तिच्या नावावर आदल्या रात्री आलेल्या तीन व्हायल सिस्टरच्या फ्रिजमध्ये तशाच होत्या. रुग्णालयाने नोंद करून त्या दाजींच्या नावे वळवल्या. मी त्या मुलाजवळ जाऊन उभा राहिलो, पण काय बोलावं ते सुचलं नाही. त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

*

२३ तारखेपासून पुरवठा सुधारला आणि सहा व्हायल रोज मिळू लागल्या. राज्य सरकारने हा आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला होता आणि आमचं रुग्णालय त्या यादीत होतं, त्यामुळे पुढचा खर्च टळला. सुरुवातीच्या व्हायलींना मात्र एकेकीला सहा हजारांच्या घरात पैसे मोजले होते.

आता माझं काम एकच होतं: रात्री व्हायल घेऊन येणं. आम्हाला मिळाल्या त्यांच्या खोक्यावर २ ते ८ अंश, गोठवू नये, असं छापलेलं होतं. हे 'गोठवू नये' फार महत्त्वाचं असतं. ही सूचना मोडली की आपण महागडं लायपोसोमल म्हणून जे चढवतो ते काय उरलंय याची खात्री राहत नाही. पहिल्याच रात्री साठ्याच्या ठिकाणी मी पाहिलं, एक पोरगा व्हायल नुसत्या बर्फाच्या पिशवीत खुपसून नेत होता. त्याच्या वडिलांसाठी होत्या. मी त्याला थांबवलं, माझ्या थर्मोकोलच्या डब्यात कसं रचलंय ते दाखवलं: खाली जेल पॅक, त्यावर वर्तमानपत्राची चार पदरी घडी, मग खोकी, वर पुन्हा घडी, पुन्हा पॅक. त्याने तिथेच रस्त्यावर बसून तसं रचून घेतलं. नंतर रोज रात्री दोघे-तिघे माझी वाट बघायचे. मी दुकानातून थर्मोकोलचे डबे आणून दिले. व्हॅक्सिनचे, इन्सुलिनचे रिकामे डबे आमच्याकडे पडलेलेच असतात.

व्हायल तयार करणं हे सिस्टरांचं काम. आमच्या वॉर्डात रात्रपाळीला केरळच्या एक सिस्टर होत्या, मराठी तोडकं बोलायच्या, पण त्यांचा हात बघत राहावा असा होता. प्रत्येक व्हायलमध्ये बारा मिली निर्जंतुक पाणी. नुसतं पाणी, सलाइन नाही. मग अर्धा मिनिट जोरात हलवायची. इतर इंजेक्शनं हळुवार गोल फिरवायला शिकवतात, इथे उलट. जोरात हलवलं तरच पिवळ्या पावडरीतून ते गोळे मोकळे होऊन पाण्यात सारखे पसरतात. सिस्टर घड्याळाकडे बघत हलवायच्या, मग व्हायल दिव्यासमोर धरायच्या. पिवळसर, धुरकट, पण गाठ नसलेलं पाणी दिसलं पाहिजे. कण दिसला तर पुन्हा हलवायची. मग खोक्यातूनच आलेली ५ मायक्रॉनची गाळणी सिरिंजला लावायची. ५ मायक्रॉन म्हणजे ५००० नॅनोमीटर. लायपोसोमच्या मानाने ते भोक म्हणजे वेस झाली, सगळे सहज निघून जातात. न विरघळलेली गाठ तेवढी अडते. मी त्यांना विचारलं, रोज सहा वेळा कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, "आधी नव्हतं ना औषध. आता आहे."

आणि बाटली फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजची. अडीचशे मिलीच्या बाटलीतून आधी तेवढंच पाणी काढून टाकायचं आणि मग औषध भरायचं. अक्काला हे पटायचं नाही. ज्या साखरेने घात केला तीच शिरेतून का द्यायची? तिला मी समजावलं की मिठाच्या पाण्यात हे औषध फाटतं, दुधात लिंबू पडावं तसं. साखर वाढेल त्याचा हिशोब इन्सुलिनमध्ये धरलेला असतो. पण नुसतं सांगून तिला ते खरं वाटलं नसतं. २६ मेच्या दुपारी ते तिच्या डोळ्यांसमोर घडलं. नव्याने आलेल्या एका कर्मचाऱ्याने सलाइन संपल्यावर नळी डेक्स्ट्रोजने न धुता थेट औषधाची बाटली जोडली. नळीत जिथे दोन्ही पाणी भेटली तिथे गढूळ दुधी ढग आला. अक्काला तो पहिल्यांदा दिसला. तिने चाकीच बंद केली आणि ओरडली. नळी बदलली, बाटली तशीच वाचली. त्या मुलाला कुणी रागावलं नाही, तो सोळा तास उभा होता. त्या दिवसापासून दाजींच्या पलंगाच्या दांडीवर अक्काने पट्टीवर लिहून चिकटवलं: 'आधी ग्लुकोज, मग औषध, मग ग्लुकोज.' ती पाचवी शिकलेली आहे.

दोन तासांत बाटली संपायची. पहिल्या रात्री आम्ही दोघंही घोंगड्या हातात घेऊन बसलो होतो. अर्धा तास झाला, तास झाला. दाजींना हुडहुडी भरली नाही. ते झोपले. घोरायला लागले. मी त्यांच्या पायाला हात लावून पाहिला, पाय कोमट होता.

लायपोसोमलही किडनीला पूर्ण माफ करत नाही, हे सांगायला हवं. पोटॅशियम पुढेही घसरत राहिलं, रोज शहाळं, पोटॅशियमचं सिरप आणि एक दिवसाआड रक्ततपासणी. पण क्रिएटिनिनचे आकडे मी दुकानाच्या डायरीत मागच्या पानावर लिहून ठेवलेत. २४ मे: २.१. २७ मे: १.७. ३१ मे: १.५. ६ जून: १.३. आधीच्या चार दिवसांत मिळून साध्या औषधाचे अडीचशे मिलिग्रॅम गेले नव्हते, तरी किडनी कोलमडली होती. आता रोज तीनशे जात होते आणि ती सावरत होती. कॉलेजातल्या पाच गुणांच्या टीपेचा अर्थ मला या चार ओळींनी कळला.

मधे एकदा पुन्हा नाकात दुर्बीण घातली तेव्हा मॅडमनी मला पडद्याजवळ बोलावलं. कापलेल्या जागेवर गुलाबी, दाणेदार मांस आलं होतं आणि नळी लागताच रक्ताचा थेंब आला. मॅडम म्हणाल्या, "हे रक्त बघा." इतक्या आनंदाने रक्त दाखवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

९ जूनला शेवटची बाटली चढली. एकूण ११७ व्हायल. १२ जूनला बुरशीवरच्या पोसॅकोनाझोलच्या गोळ्या सुरू ठेवून घरी सोडलं. त्याच दिवशी जीएसटी परिषदेने अ‍ॅम्फोटेरिसिनवरचा ५ टक्के कर शून्यावर आणला. बातमी गाडीत मोबाइलवर वाचली आणि अक्काला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आधी आणायला पायजे होता." मला तिचं म्हणणं पटतं. कराचं तर पटतंच, पण औषधाचंही. ही बुरशी नवी नव्हती, शुगरचे रुग्ण आपल्याकडे पहिल्यापासून भरपूर, आणि औषध बनवायची विद्याही आपल्या घरात होती. तरी ते चार दिवस आले. त्या वॉर्डात मी होतो तेवढ्या काळात पाच जण गेले. त्यांच्यातले काही औषध असूनही वाचले नसते, मॅडमनी तसं सांगितलं होतं. सगळ्यांबद्दल मात्र त्यांनी तसं सांगितलं नाही.

*

दाजींना नंतर टाळूसाठी प्लेट बसवली. पहिल्यांदा प्लेट लावून चहा प्यायले तेव्हा तो नाकातून आला नाही म्हणून अक्काने तो कप धुवायला घेतलाच नाही बराच वेळ. गाल अजून बधिर आहे, दाढी करताना कापलं तर आरशात बघूनच कळतं. किडनी १.१ वर स्थिर आहे. बागेत जातात, फवारणी मात्र दुसऱ्याकडून करून घेतात.

दुकानात आता शुगरवाला कुणी दाढदुखीची गोळी मागायला आला की मी आधी कापसाची वात करून दोन्ही गालांना लावायला सांगतो, दोन्हीकडे सारखं लागतंय का. वेळ लागतो, मागची रांग थांबते.

तो थर्मोकोलचा डबा अजून माझ्याकडे आहे, एका कोपऱ्याला टवका उडालाय. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवरच्या गिऱ्हाइकांना त्यातून इन्सुलिन पाठवतो. नव्या पोराने परवा जेल पॅकवर थेट इन्सुलिनचे पेन ठेवले होते. त्याला उठवलं, कालचा पेपर दिला, आणि चार पदरी घडी घालून दाखवली.